गालावरचा लाल चौकोन

विजेच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही! इसिक-कुल सरोवराच्या काठच्या विजेच्या खांबांवर चढण्यात माझी अख्खी हयात गेली. त्यामुळे गालाची नस दुखायला लागल्यावर डॉक्टरांनी "रोज हलका करंट घ्या" म्हटलं, तेव्हा मला हसूच आलं.

आरोग्यधामातल्या बेगाइम नर्सने ओली चौकोनी पट्टी गालावर बसवली. नुसत्या मुंग्या!

"वाढव की गं जरा!"

"काका, करंटनं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. लाली लवकर जात नाही मग."

"अगं, मी अकरा हजार व्होल्टचा माणूस!"

"तुमच्या रक्तवाहिन्यांना कुठं ठाऊक आहे ते?" असं म्हणत तिने यंत्राचा काटा इवलासा पुढे सरकवला.

घरी पोचलो तर बायको, बुरमाकान, दारातच ओरडली, "अहो, व्याही यायची वेळ झाली आणि हे काय थोबाड!"

आरशात पाहिलं. गालावर फूटपट्टीने आखल्यासारखा लालभडक चौकोन! गार पाणी मारलं, दही फासलं. चौकोन उलट खुललाच!

तेवढ्यात मंडळी आली, जेवायला बसली. आमच्या लेकीच्या, आयपेरीच्या, कानात त्यांनी डूल घातले की लग्न पक्कं. विहीणबाई सायराकान आधी माझ्या गालाकडे बघत होत्या, मग बुरमाकानच्या हातातल्या शेवया कापायच्या पाटाकडे. पाटही चौकोनी!

"लागलं का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे! करंट घेतला."

व्याह्यांचा घास हातातच राहिला. "करंट? डोक्याला?"

"गालाला हो! रोज घेतो. डॉक्टर म्हणतात, बरीच सुधारणा आहे!"

विहीणबाईंनी डुलांची डबी गुपचूप पर्समध्ये टाकली. आयपेरीचे डोळे भरले. मी घाईघाईने बेगाइमला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकवला.

"डोकं ठणठणीत आहे काकांचं," ती म्हणाली. "गालाची नस दुखते, एवढंच. लाली संध्याकाळपर्यंत जाईल. हट्टीपणाचं औषध मात्र आमच्याकडे नाही!"

व्याही खो खो हसले. विहीणबाईंचा चेहरा मात्र उतरलेलाच.

"म्हणजे, बुरमाकानबाईंनी मारलं नाही?"

"मुळीच नाही!"

"अरेरे! आमचं पोरगं कुणाचं ऐकत नाही हो. मला वाटलं, बरं झालं, वचकाचं घर मिळालं!"

बुरमाकानने शांतपणे पाट पुसला. "एवढंच ना? लेकीला मीच वाढवलंय."

डबी बाहेर आली, डूल कानात गेले, आयपेरी हसली. मी आपला दुसरा गाल वाचवायला तो भिंतीकडे करून गपचूप जेवलो.