चाचणीत उत्तीर्ण झालेला तंबू

माणूस निसर्गाच्या कुशीत शिरायला निघतो, तेव्हा सर्वांत आधी निसर्ग आत शिरणार नाही याची सोय करतो. या सोयीला तंबू म्हणतात.

आमच्याकडे तंबू घ्यायचं ठरलं ते ताईमुळे. सुट्टी संपली की ती परगावी शिकायला जाणार, वसतिगृहात राहणार. तिची मागणी एकच होती: जायच्या आधी चौघांनी एकदा डोंगरावर मुक्काम करायचा. बाबा म्हणाले, "नक्की! फक्त तंबू तेवढा नीट बघून घेऊ." या 'फक्त'चं वजन तेव्हा आम्हा बहिणींना कळलं नाही. (आम्ही लहान होतो. गेल्या महिन्यातली गोष्ट आहे.)

बाबा लिफ्ट तपासणाऱ्या खात्यात आहेत. लिफ्ट वर पोहोचली, तरी ती वर जाईल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. आई पडदे शिवते. दुसऱ्याने घातलेली शिवण तिला कच्चीच वाटते. अशा दोन तज्ज्ञांच्या हाती निवड असणं हे आमचं भाग्यच.

दुकानदार भला माणूस. "घरी न्या, पसंत नसेल तर बदलून देतो," असं तो बोलून गेला आणि फसला. चाचण्या बैठकीच्या खोलीत पार पडल्या. वादळ म्हणून टेबलफॅन. पाऊस म्हणून आई, सोफ्यावर उभी, हातात झाडांची झारी. हिंस्र श्वापद म्हणून माझी नेमणूक झाली. मी जीव ओतून गुरगुरले, पण बाबांच्या अहवालात 'श्वापद हसले' एवढीच दखल घेतली गेली.

पहिला तंबू वादळात टिकला, पावसात टिकला. पण त्याचं दार फ्रिजवर आपटत होतं. नापास. दुसरा ऐसपैस होता, पण आत बसल्यावर टीव्ही दिसेना. नापास. तिसरा मात्र सोफा आणि खिडकीच्या मधोमध असा बसला, की जणू खोलीचं माप देऊनच शिवलाय! ठराव बहुमताने मंजूर झाला. (ताई तटस्थ.) डोंगरावर सोफा नसतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही, पण तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

"अहो साहेब, एकदा बाहेर लावून तरी बघा," दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला.

"बाहेर?" बाबा दचकले. "खराब होईल ना!"

एव्हाना ताईची बॅग भरून झाली होती. जायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, डोंगर राहू दे. मागच्या मैदानात तरी झोपू या."

"ढग आलेत गं."

"पण बाबा, पावसासाठीच घेतलाय ना तो?"

"पण ओला झाला तर वाळवायचा कुठे?" आई म्हणाली. बिनतोड मुद्दा होता.

मग आम्ही दोघीच तंबूत शिरलो. मी जाळीतून वर बघत होते.

"काय दिसतंय?" ताईने विचारलं.

"ट्यूबलाइट."

"म्हणजे पौर्णिमा," ती म्हणाली, आणि कूस बदलून पाठमोरी झाली.

परवा तिचा फोन आला. मैत्रिणींबरोबर डोंगरावर गेली होती म्हणे. तंबू नव्हताच, कुणाची तरी जुनी ताडपत्री काठ्यांवर टाकली. रात्रभर गळत होती, आणि सगळ्या जणी रात्रभर हसत होत्या.

"कडा दुमडून शिवल्या होत्या का?" आईने विचारलं.

"आणि काठ्यांची तपासणी कुणी केली?" बाबांनी विचारलं.

फोन ठेवल्यावर मात्र दोघंही तंबूत जाऊन बसले. टीव्ही बंदच होता. आता तंबूत आम्ही तिघं अगदी ऐसपैस मावतो.

तुम्ही हसलात ना? हसा. पण तंबू कसा निवडावा ते कळेल म्हणून तुम्ही हे शेवटपर्यंत वाचलंत, तेही घरात बसून. तुमच्या घरातलं कोण बॅग भरतंय, ते बघून आलात का?