मान हलवायचा अभ्यास

आमचे शेजारी सेतुराव रोज सकाळी घराबाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, एका बाहुलीसमोर बसून मान हलवायला शिकतात. बाहुली आपली तंजावूरचीच, बोट लावलं की डोलणारी. ती डोलते, हे डोलतात. भाजीवाली वैतागून विचारते, "घ्यायचं की नको, तेवढं तोंडानं सांगा सामी."

वेड लागलेलं नाही. सेतुरावांनी जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. त्यामुळं दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत म्हणायचे, "ह्याला एक नाव आहे." मी दुकानाचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघतो, त्याला नाव. मला लिफ्ट नको वाटते, त्यालाही नाव. मी विचारलं, "आणि माझ्या हट्टाला?" म्हणाले, "त्याला दोन आहेत."

मी तिसरीत शाळा सोडली, नुकसान शाळेचं. सायकलीचं दुकान माझं मी उभं केलं.

तर निवृत्तीनंतर हे मानसोपचार शिकायला निघाले. मी म्हटलं, "मास्तर, पुन्हा तेच? मन ते मन."

"मीही तसंच समजून गेलो, अण्णा. तिकडं कॉलेजात मनाबद्दल वाचायचं आणि पेपरात लिहायचं. मन कुणाचं, ते कुणी विचारत नाही. इथं माणूसच समोर आणून बसवतात, वर म्हणतात, गप्प बसून ऐका."

शिकवणारी बाई ह्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ह्यांनी तोंड उघडलं की ती म्हणते, "सर, नाव नको. ऐका." म्हणून बाहुली. ती काही बोलतच नाही, तर नाव कशाला देणार?

पुढं जिवंत माणूस हवा म्हणून मी बसलो. आधीच सांगितलं, मला कसलं दुःख नाही. मग सून इडलीचं पीठ कसं बिघडवते, ह्यावर दोन कप कापी संपेपर्यंत बोललो. सेतुरावांचे ओठ फडफडत होते, पण नाव बाहेर आलं नाही. मी त्यांना पास केलं.

परवा मात्र बाहुलीही थांबलेली, हेही.

"शिकणं सोडतोय, अण्णा. उद्या त्या खुर्चीत मीच बसायचं. स्वतःचं सांगायचं. त्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत."

"मग सांगा की. जन्मभर बोलतच आलात."

"ते पुस्तकातलं."

मी समोर बसलो. "आता माझ्यापुढं सांगा."

बाहुलीकडं बघत म्हणाले, "ही बाहुली कमलाच्या कोलूतली." कमलावहिनी म्हणजे त्यांची बायको. ती गेल्यावर नवरात्रात त्या घरात बाहुल्या मांडायच्या कोलूच्या पायऱ्या लागल्या नाहीत. "संध्याकाळी इथं बसून काही सांगायला लागायची. मी अर्ध्यातच नाव सांगून मोकळा. ती हसून आत जायची. पुढचं काय होतं, ते राहून गेलं."

माझ्या जिभेवर चांगला शहाणपणा आला होता. गिळला. मला ती सवय नाही.

"उद्या तिथं हे सांगू?"

मी मान हलवली. त्यांनी बाहुलीला बोट लावलं आणि वहिनींच्या गोष्टी निघाल्या. पहिल्या वर्षी वहिनींनी ह्यांच्या उपम्यात मीठच घातलं नव्हतं, ते सांगताना तर स्वतःच हसायला लागले.

बाहुलीची मान केव्हाच थांबली. माझी चालूच होती.