सुरी पास, हात नापास

बाबांना कुऱ्हाड हवी होती.

"मोठी नाही गं," चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "हातात मावेल एवढी. आणि दोन सुऱ्या. एक सरळ, एक वाकडी."

लेकीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. "कशाला?"

"चमचा करायला."

"चमचे आहेत की बाबा घरात! ड्रॉवर उघडत नाही इतके आहेत."

"ते स्टीलचे. मी लाकडाचा म्हणतोय. समोरचं झाड छाटलं ना, त्याची फांदी आणून ठेवलीय मी बाल्कनीत. व्हिडिओत सांगतात, लाकूड ओलं असलं की लोण्यासारखं कापलं जातं."

लोण्यासारखं म्हटल्यावर तिचा हात नकळत दुसऱ्या हाताच्या बोटांवर गेला. ती विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायची. माणसांची बोटं कशाकशात सापडतात, हे तिला तोंडपाठ होतं: दारात, पंख्यात, मिक्सरमध्ये, एका गृहस्थांचं तर घडीच्या पलंगात, तेही पाहुण्यांना पलंग कसा उघडतो ते दाखवताना. हौसेनं चमचा कोरणारा माणूस तिच्या टेबलावर अजून आला नव्हता. तो आता तिच्यासमोर बसून चहात बिस्किट बुडवत होता.

तरी नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. आई गेल्यापासून बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि बघत मात्र भिंतीकडे. जेवायला हाक मारली की येत. टीव्ही लावला की बघत, बंद केला तरी बघत. इतक्या महिन्यांनी त्यांना पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटलं होतं. ते काहीतरी नेमकं धारेचं निघालं. आणि घरातले खिळे, फ्यूज, गळके नळ ही सगळी खाती आईकडे असल्यामुळे बाबांनी जन्मात कधी हातोडीसुद्धा उचलली नव्हती. घरातलं एक माणूस गेलं होतं. उरलेलं जपायचं, एवढं एकच काम लेकीनं अंगावर घेतलं होतं, आणि त्या कामानं तिच्या जिवाला घोर लावला होता.

हत्यारांच्या दुकानात बाबा लहान मुलासारखे सगळ्या कपाटांपुढून फिरले. लेक त्यांच्या मागोमाग, प्रत्येक पात्याच्या आणि त्यांच्या मध्ये हात धरून.

"काका, पहिल्यांदाच करताय ना?" दुकानदारानं विचारलं. "मग कुऱ्हाड राहू दे. फांदी मी चिरून देतो. तुम्ही दोन सुऱ्या न्या. सरळ सुरीनं बाहेरचा आकार काढायचा, वाकडीनं चमच्याची वाटी कोरायची. आणि हा धारेचा दगड. हात बसला की मग बघू कुऱ्हाडीचं."

कुऱ्हाड टळली म्हणून लेकीला इतका धीर आला, की तिनं विचारून टाकलं, "यातच जरा कमी धारेचं काही मिळेल का?"

दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं. "ताई, कमी धारेचं हवं असेल तर सरळ चमचाच घेऊन जा."

पहिले काही दिवस फार चांगले गेले, म्हणजे बाबांचे. सकाळी आंघोळ करून ते बाल्कनीत स्टूल टाकून बसायचे. फांदीतून हळूहळू काहीतरी बाहेर येऊ लागलं. चमचा म्हणता येईल असं नव्हतं, पण फांदीही राहिली नव्हती. आंघोळीत ते पुन्हा गाऊ लागले. आई असताना गायचे तसंच, बेसूर आणि मोठ्यानं. लेकीला त्या गाण्यानं भरून यायचं, आणि गाणं संपून पाण्याचा आवाज थांबला की ती बाल्कनीच्या दाराशी जाऊन उभी राहायची, कारण आता सुरी हातात येणार.

तिनं आणलेले जाड हातमोजे त्यांनी एक दिवस घातले. "यांनी मला सुरी लागत नाही हे खरं," ते म्हणाले, "पण ती मला सापडतही नाही."

मग ऑफिसातून ती तासातासाला फोन करू लागली. "सगळी आहेत ना?"

"कोण?"

"बोटं."

"थांब, मोजतो."

एक दिवस फोन उचललाच नाही. तिनं सातदा लावला, पर्स उचलली आणि साहेबांना काहीही न सांगता, एक चप्पल उंबऱ्यात अडकवून, धापा टाकत घरी आली. बाबा सोफ्यावर घोरत होते. फोन त्यांच्या पाठीखाली होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीतलं गाणं सुरू झाल्यावर तिनं दोन्ही सुऱ्या घेतल्या, कपबशीतला कप पालथा घातला आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पाती उभी धरून, धार जाईपर्यंत घासली. करकर असा आवाज आला. तिच्या अंगावर काटा आला, पण मनावरचं दडपण उतरलं. पुसून सुऱ्या जागच्या जागी ठेवल्या. मग हे रोजचंच झालं.

आता कुणाही माणसाची सुरी चालेनाशी झाली की तो आधी सुरीकडे बघेल. पण बाबा वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. दुकानादुकानात जाऊन तराजू तपासायचे, बरोबर असला की शिक्का मारायचे, आणि एकदा शिक्का मारला की त्या तराजूवर वर्षभर संशय घ्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. सुऱ्यांनाही त्यांनी तोच लावला होता. रोज संध्याकाळी दगडावर धार लावायची, वर्तमानपत्राचं पान हवेत धरून उभं चिरायचं आणि मान हलवून म्हणायचं, "पास." पास झालेली सुरी सकाळी नापास होणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं.

त्यामुळे त्यांनी आधी लाकडावर संशय घेतला. लाकूड वाळलं असणार. ते बादलीत बुडवलं, मग ओल्या फडक्यात गुंडाळलं, शेवटी फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी दूध काढायला गेलेल्या लेकीच्या पायावर अर्धवट चमचा पडला.

"लाकूड आता इतकं ओलं आहे की पिळता येईल," बाबा स्वतःशीच म्हणाले. "सुरी पास. लाकूड पास." आणि ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून ते जोर लावून कोरू लागले. दोन्ही पाय फरशीवर रोवायचे, श्वास धरायचा आणि खांद्यासकट सगळं अंग सुरीवर टाकायचं. एवढं करून एक कळकट ढलपी निघायची. आंघोळीतलं गाणं बंद झालं. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले. जॅमच्या बाटलीचं झाकण उघडून बघायचे, लावायचे, पुन्हा उघडून बघायचे.

लेकीनं हे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बोथट सुरीचा आणि दोन हातांनी धरलेल्या कपाचा संबंध तिच्या डोक्यातही आला नाही. भीतीला तेवढी फुरसत नसते. तिनं आत्याला फोन लावला.

"दोन्ही हातांनी कप?" आत्या म्हणाली. "अगं बाई! आमच्या शेजाऱ्यांचं अस्संच सुरू झालं होतं."

"मग?"

"मग काय. गेले."

"आजारानं?"

"छे गं, मुलाकडे राहायला. पण हात तर गेलेच ना! तू आधी डॉक्टर गाठ."

डॉक्टर आईच्या वेळेपासूनचे, ओळखीचे. त्यांनी बाबांपुढे आपली दोन बोटं धरली. "दाबा, काका. अजून. अज... बास, बास!" त्यांनी बोटं झटकली. "ताकद तर दणदणीत आहे. नेमका त्रास काय होतो?"

"सकाळचा होतो," बाबा म्हणाले. "संध्याकाळी मी याच हातानं कागद चिरतो, डॉक्टर, रेशमासारखा. रात्रीतून काय होतं कोण जाणे. सकाळी आंघोळ करून बसलो की तीच सुरी, तेच लाकूड, पण हातात जीव नसतो."

बाजूच्या स्टुलावर बसलेल्या लेकीच्या कानात एकदम करकर असा आवाज आला. तिचा चेहरा इतका उतरला की डॉक्टरांनी तिलाच पाणी दिलं.

"शुक्रवारी नसांची तपासणी करून घेऊ," डॉक्टर म्हणाले. "बारीक सुया टोचतात, फारसं काही नाही."

परतताना बाबा जपून पावलं टाकत होते. वळणावर थांबून म्हणाले, "चिमे, पाण्याची टाकी भरली की वरचा नळ बंद करायचा असतो. तुझी आई दाखवून गेली होती मला. तू शिकून घे." आणि थोड्या वेळानं, "तुला एकटीला जमेल ना गं सगळं?"

सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं आणि बाबांनी रागानं सुऱ्या कायमच्या ठेवून दिल्या तर? पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ती भिंत. त्यापेक्षा गुपचूप निस्तरावं. हात आपोआप बरा होईल, शुक्रवारच्या सुया टळतील, कुणाला काही कळायला नको. त्या संध्याकाळी बाबांनी दमलो म्हणून धार लावलीच नाही. तिनं सरळ सुरी रुमालात गुंडाळली आणि दुकान गाठलं.

दुकानदारानं पातं उजेडात धरलं. "ताई, हिनं काय दगड फोडले का?"

"तुम्ही फक्त धार लावा. होती त्याहून चांगली."

सकाळी बाबा आंघोळीहून आले. लेक बाल्कनीच्या दारात उभी होती, आज पहिल्यांदाच शांत मनानं. बाबांनी फांदीतला चमचा डाव्या हातात धरला. सुरी टेकवली. दोन्ही पाय फरशीवर रोवले. श्वास धरला. उजवा खांदा मागे घेतला.

तेव्हा तिला उमगलं. इतक्या दिवसांत बाबांना बोथट सुरीचा जोर अंगवळणी पडला होता. तो सगळा जोर ते आता एका अशा पात्यावर टाकणार होते, ज्यानं काल दुकानदाराच्या मनगटावरचे केस न दुखवता उतरवले होते. आणि पात्याच्या बरोबर समोर त्यांचा डावा अंगठा होता. हे तिनंच करून ठेवलं होतं.

"बाबा, थांबा!" ती ओरडली आणि झेप घेऊन तिनं लाकूडच ओढलं.

सुरी चमच्याच्या मानेतून आरपार गेली. दांडा उडून कुंडीत पडला, वाटी बाबांच्या मांडीवर राहिली, आणि पात्याचं टोक लेकीच्या तळव्याला चाटून गेलं.

बाबांनी आधी लाकडाकडे पाहिलं. कापलेली बाजू आरशासारखी तुकतुकीत होती.

"चिमे!" त्यांचा आवाज फुटला. "आली! ताकद आली परत! बघ, एका फटक्यात..." मग त्यांना तिचा हात दिसला. "रक्त!"

"थोडंसंच आहे. बाबा, ताकद गेलीच नव्हती." तिनं डोळे मिटून घेतले. "मी रोज सुऱ्यांची धार घालवत होते. तुम्ही आंघोळीला गेलात की. कपाच्या बुडावर."

बाबांनी सुरी खाली ठेवली.

"पास झालेल्या सुरीत हात घातलास?"

"हो."

"याला आमच्याकडे दंड असतो."

"माहीत आहे."

त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्या तळव्याला आवळून बांधला. इतका आवळून, की तिची बोटं पांढरी पडली.

"इतके दिवस मी मनातल्या मनात सगळी निरवानिरव करत होतो गं," ते हलकेच म्हणाले. "तुला कसं सांगायचं तेवढंच जमत नव्हतं."

"मलाही जमत नव्हतं."

"तू कशाला सांगणार? तुला काय झालंय?"

तिनं रुमालाची गाठ चाचपली. बाबांनी मग तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना बहुधा आत्ता दिसली. ते उठले आणि चपला शोधू लागले.

डॉक्टरांनी दोघांना आत येताना पाहिलं. "काका, तुमचं तर शुक्रवारी आहे."

"माझं रद्द करा. हात पास आहे. पेशंट ही."

डॉक्टरांनी रुमाल सोडला. सोडायला त्यांना कात्री घ्यावी लागली. "टाक्याचीसुद्धा गरज नाही. एक धनुर्वाताचं इंजेक्शन देऊ." ते पाठ फिरवून सुई भरू लागले. "पण काका, हात ठीक होता तर मग त्रास कशाचा होता?"

"भीतीचा," बाबा म्हणाले. "हिची आई गेल्यापासूनचा."

"हिला?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. "दोघांना."

डॉक्टर सुई घेऊन वळले. कापसाला स्पिरिटचा वास आला. सुई दिसताच लेकीनं मान वळवली आणि डोळे गच्च मिटले.

"बघू नकोस," बाबा म्हणाले.

"तुम्हीही नका बघू."

"मी कधीच मिटलेत."

त्यांनी तिचा दुसरा हात घट्ट धरला. ती श्वास रोखून वाट बघू लागली. तेही वाट बघू लागले. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली, लांब गेली. तरी दोघं तसेच.

"अहो, उघडा आता डोळे," डॉक्टर म्हणाले. "केव्हाच देऊन झालंय."