व्याह्यांचा घोडा आणि एसेनकुलचा गुडघा

थाप मारावी, पण आपल्याला झेपेल एवढीच मारावी, हे एसेनकुलला त्याच्या वडिलांनी लहानपणीच सांगितलं होतं. किरगिझस्तानातल्या तलासच्या राजम्याच्या गोदामात तो काट्यावरचा कारकून होता, आणि तिथं तो रोज थापा मारायचाच. (त्या धंद्यात त्यांना थापा म्हणत नाहीत, अंदाज म्हणतात.) पण व्याह्यांना मारलेली थाप मात्र त्याला चांगलीच महागात पडली.

त्याचं झालं असं. चुलतभावाच्या नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ होता. जेवणं झाली, बाजा सुरू झाला, आणि माइकवाल्यानं जाहीर केलं की जो कारा जोर्गो सगळ्यात झोकात नाचेल त्याला विजेची किटली बक्षीस. कारा जोर्गो म्हणजे घोड्याच्या चालीवर खांदे उडवत नाचायचा नाच. बसल्या जागीही नाचता येतो. पण एसेनकुलला किटली पाहिजे होती. बायको बुरुल कधीपासून म्हणत होती, घरातली किटली गळते. तेव्हा हा गडी उठला, टोपी मागे सारली आणि एका पायावर गर्रकन गिरकी घेतली. अंग गरगर फिरलं. डावा गुडघा मात्र जागेवरच राहिला.

किटली मिळाली ती सत्तरीच्या एका आजीबाईंना. त्यांनी खुर्चीत बसून नुसते खांदे हलवले होते.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. बिश्केकला नेऊन ऑपरेशन केलं, आणि एसेनकुल लाकडाच्या ओंडक्यासारखा ताठ पाय घेऊन घरी आला. त्याच संध्याकाळी मोल्दोबेकचा फोन आला.

आता हा मोल्दोबेक कोण, तर होऊ घातलेला व्याही. त्याच्या एरमेकचं आणि एसेनकुलच्या नाझिराचं जमलं होतं, पोरांचं सगळं ठरलं होतं, पण मोल्दोबेक काही धड हो म्हणत नव्हता. तरुणपणी तो कोक-बोरूचा मोठा खेळाडू. घोड्यावरून वाकून बिनमुंडीचा बोकड उचलायचा, मांडीखाली दाबायचा, आणि झुंडीतून वाट काढत गोलाच्या उंच गोल कठड्यात नेऊन आपटायचा, हा त्याचा खेळ. असा माणूस कुणाकडं तरी म्हणाला होता, "राजमा मोजणाऱ्याच्या घरात पोरगा द्यायचा म्हणजे जरा..." त्या 'जरा'मुळं नाझिरा पंधरा दिवस नीट जेवली नव्हती.

"काय हो, पाय मोडला म्हणे?" मोल्दोबेकनं विचारलं. "कसा काय?"

एसेनकुलनं पोरीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणून बसला, "काही नाही हो, कोक-बोरू खेळताना."

पलीकडून एकदम वेगळाच आवाज आला. "काय सांगता! या वयात?"

"रक्तातच आहे हो आमच्या."

(रक्तात साखर होती, असं डॉक्टर म्हणाले होते. दुसरं काही नव्हतं.)

"शाब्बास, कुदा!" मोल्दोबेकनं पहिल्यांदाच त्याला कुदा म्हटलं, म्हणजे थेट व्याहीच! "मग ठरलं. राजम्याची काढणी उरकली की आम्ही येतो. सोयरीक पक्की करू. आणि रीतीप्रमाणं तुम्हाला मानाचा अंगरखा, चापान, पांघरून घोड्यावर बसवू. घोडा मी माझ्या हातानं निवडणार!"

फोन ठेवला तेव्हा नाझिरा आनंदानं रडत होती आणि एसेनकुलला घाम फुटला होता. कारण रीत म्हणजे रीत. व्याह्यानं आणलेल्या घोड्यावर चार लोकांसमोर बसायला नकार देणं म्हणजे व्याह्याच्या तोंडावर दार लावणं. आणि एसेनकुल शेवटचा घोड्यावर बसला होता तो जत्रेत फोटो काढायला.

"लोक म्हणतात, तुमची अक्कल गुडघ्यात," बुरुल म्हणाली. "मला वाटतं, डॉक्टरांनी ऑपरेशन करताना ती पण काढून घेतली."

दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपी सुरू झाली. जिल्ह्याच्या दवाखान्यात साइकाल नावाची एक हडकुळी पोरगी होती. बोलायला गोड, हातानं पैलवान. वडीलधाऱ्याला आदरानं म्हणतात तसं ती एसेनकुलला 'आगाय' म्हणायची.

"आगाय, टाच मागे घ्या बघू. अजून. अजून थोडी."

"अगं आई गं!"

"हे तर मी अजून हातसुद्धा लावला नाही," साइकाल म्हणाली आणि मग हात लावला.

त्यानंतर एसेनकुल जे ओरडला ते ऐकून पलीकडच्या खाटेवरचे खांदा निखळलेले गृहस्थ बूट हातात घेऊन घरी निघून गेले. साइकालनं कोन मोजायची पट्टी गुडघ्याला लावली. काटकोनसुद्धा होत नव्हता.

"व्याही यायचेत," एसेनकुलनं घोड्याचं नाव गिळून सांगितलं. "मांडी घालून बसायला पाहिजे. जेवण मांडलेल्या दस्तरखानाकडं पाय पसरून कसं बसणार? रोटीकडं पाय करणारा बाप कोण खपवून घेईल?"

"रोज व्यायाम केलात तर बसाल. फक्त एक सांगते. घरचं काही लावायचं नाही. गरम चरबी तर अजिबात नाही. गुडघा आहे तो, पुलाव नाही."

व्यायाम करायला एसेनकुलची ना नव्हती. पण करायला सवड कुठं? कोक-बोरूत पाय मोडल्याची बातमी गावभर झाली होती आणि माणसं समाचाराला येत होती. आला त्याला चहा, चहाबरोबर तळलेले बोरसोक, बोरसोकबरोबर रस्सा. एसेनकुल भिंतीला टाच लावून पाय वर-खाली सरकवायचा, आणि पाहुणे समोर बसून जेवत जेवत सल्ले द्यायचे.

"किती जण अंगावर आले होते रे?"

"तीन," एसेनकुल म्हणाला होता सोमवारी. शुक्रवारपर्यंत ते अकरा झाले आणि त्यातला एक कझाकस्तानहून आला. (हा कझाक एसेनकुलनं आणला नव्हता. तो आपला आपणच आला, पण आल्यावर त्याला परत कसं पाठवणार?) आजाऱ्याच्या नावानं कापलेला मेंढा समाचाराच्या लोकांनीच फस्त केला, आणि त्यांना सोबत म्हणून एसेनकुलही दोन्ही वेळा जेवला. त्यामुळं गुडघा होता तसाच राहिला आणि पोट मात्र काटकोनाच्या पुढं गेलं.

"खरं सांगून टाका," बुरुल रोज म्हणायची.

"आणि लग्न मोडलं तर?"

एकदा मात्र नाझिरा त्याच्याजवळ येऊन बसली. त्याच्या घोट्याला व्यायामासाठी राजम्याची पिशवी बांधलेली होती, ती तिनं सोडली आणि म्हणाली, "बाबा, माझं लग्न तुमच्या या गुडघ्यावर का हो टांगून ठेवलंय?"

एसेनकुलला फार वाईट वाटलं. त्यानं पिशवी परत बांधली आणि इतक्या जोरानं पाय उचलला की पिशवी सुटून खिडकीबाहेर गेली. पण त्या दिवसापासून तो खरोखर मन लावून व्यायाम करू लागला. आरडाओरडा तसाच, पण टाच मागं यायला लागली. साइकाल खूश झाली. पाहुण्यांचा दिवस जवळ आला तोवर काटकोनापर्यंत गाडी आली आणि तिथंच अडली.

आणि मग ऐन वेळी उल्झान एजे आली. एजे म्हणजे एसेनकुलची थोरली बहीण. तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती. पाहुण्यांच्या दिवशी सकाळीच ती हातात बोचकं घेऊन हजर.

"दुंबा मेंढ्याच्या जाड शेपटीची चरबी आहे. गरम करून बांधते. वरून मेंढीचं कातडं, लोकर बाहेर. दुपारपर्यंत बघ, वासरासारखा उड्या मारशील."

"एजे, ती पोरगी नको म्हणाली आहे."

"त्या पोरीला पोरं किती?"

"लग्न नाही झालं तिचं."

"मग तिला गुडघ्यातलं काय कळतंय?"

चरबी बांधली गेली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात, इथं सासऱ्यानं दुंबा बांधला. डाव्या पायाला भोपळ्याएवढं लोकरीचं गाठोडं झालं. विजार त्यावरून चढेना, म्हणून एजेनं शिवण उसवली. वास असा सुटला की गल्लीतली कुत्री फाटकापाशी येऊन अदबीनं बसली.

दुपारी पाहुणे आले. पुढं मोल्दोबेक, उंच, मिशाळ, चालताना पाय फेंगडे टाकणारा. मागं त्याची बायको कालिपा, तोंडाला कुलूप लावलेली. ती घरी आल्यापासून हसली नव्हती, आणि ते बघून बुरुलचा जीव खालीवर होत होता. पाहुण्यांत साइकालही होती. बुरुलनंच तिला बोलावलं होतं. ("तुमचा भरवसा नाही," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली होती.)

मोल्दोबेकनं एसेनकुलला मिठी मारली, नवंकोरं चापान त्याच्या अंगावर पांघरलं आणि गाठोडं त्याखाली झाकलं गेलं. एसेनकुलनं सुस्कारा सोडला. तेवढ्यात अंगणात घोडा आला.

"हा माझा तोरू," मोल्दोबेक घोड्याची मान थोपटत म्हणाला. "माझ्याबरोबर शेवटचे सामने खेळला. आता म्हातारा झालाय, पण काही विसरलेला नाही. कोक-बोरूवाल्याच्याच घरी द्यायचा म्हणून इतके दिवस ठेवला होता."

"कुदा, डॉक्टर अजून..." एसेनकुलनं सुरुवात केली.

"आगाय, घोड्यावर?" साइकाल मागून किंचाळली.

पण मोल्दोबेकच्या दोन पुतण्यांनी त्याला केव्हाच बगलेत धरून उचललं होतं. रिकिबीत पाय घालायची वेळच आली नाही. पोतं ठेवावं तसा त्यांनी तो खोगिरावर ठेवला. लोकांनी जयजयकार केला. एसेनकुल वर बसला, खाली पाहिलं, आणि त्याला कळलं की झालं, आपण जिंकलो. बसलो आपण! नाझिराकडं बघून त्यानं हातही हलवला.

नेमकं त्याच वेळी चापान वर सरकलं. घोड्यानं मान वळवून हुंगलं. डाव्या मांडीखाली मेंढीचा वास, कुशीला घासणारी लोकर, आणि वर घाबरून गुडघा आवळणारा स्वार. तोरू आयुष्यभर या तीन गोष्टींचा एकच अर्थ शिकला होता. बोकड उचलला गेला आहे, आता पळा.

तो पळाला. फाटकातली कुत्री दोन्ही बाजूंना पांगली. "लगाम! लगाम!" मोल्दोबेक ओरडत होता. लगाम कुठं असतो हेच एसेनकुलला ठाऊक नव्हतं. त्यानं घोड्याच्या मानेला मिठी मारली आणि आठवतील तेवढ्या पूर्वजांना हाका मारल्या. शेजाऱ्याच्या आवारात ट्रॅक्टरचे दोन जुने टायर एकावर एक रचून त्यात राजम्याचा भुसा भरलेला होता. गोल, उंच, मधे पोकळ. तोरूच्या डोळ्यांत वीस वर्षांपूर्वीची चमक आली. तो सरळ त्या टायरांपाशी गेला, खांदा खाली घातला आणि पटाईत खेळाडूसारखा झटकन थांबला.

एसेनकुल थांबला नाही. तो टायरांच्या आत गेला. गोल झाला.

माणसं धावत पोहोचली तेव्हा बाहेर फक्त त्याचं डोकं दिसत होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गुडघे. पहिली पोहोचली साइकाल. तिनं त्याचा गुडघा इकडून तिकडून दाबला, हलवला, आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. पिशवीतली पट्टी काढून तिनं कोन मोजला.

"आगाय, मांडी घालण्याच्याही पुढं गेलाय! लिगामेंट शाबूत आहे, सूज नाही. देव पावला तुम्हाला!"

"मला बाहेर काढा," एसेनकुल म्हणाला.

पण मोल्दोबेकच्या हातात आता गाठोडं होतं. सुटून टायरापाशी पडलेलं. त्यानं ते उलटं-पालटं करून पाहिलं. "कुदा, कोक-बोरूवाल्याला लगाम धरता येत नाही?"

"कोक-बोरू?" साइकाल निरागसपणं म्हणाली. "आगाय तर नाचताना पडले ना? किटलीसाठी?"

टायरात बसलेल्या एसेनकुलला नाझिराचा पडलेला चेहरा दिसला. पळून जावं म्हटलं तर उठताही येत नव्हतं.

"हो," तो कसाबसा म्हणाला. "नाचताना. आणि किटलीही मिळाली नाही. पोरीचं मोडू नका, कुदा. हवं तर मला यातच राहू द्या."

मोल्दोबेकच्या मिशा थरथरल्या. पण त्याच्या आधी कालिपा पुढं आली. आल्यापासून बंद असलेलं तोंड तिनं उघडलं.

"म्हणजे तुम्ही खेळत नाही?"

"नाही हो."

"घोडे पाळत नाही? हाडं मोडून घेत नाही?"

"एकच मोडलं. तेही हाड नव्हतं."

"अल्लाचे उपकार!" कालिपा म्हणाली आणि बुरुलच्या गळ्यात पडली. "अगं बहिणी, राजमावाल्याची पोर म्हणून मी केव्हाच हो म्हटलं होतं. फोनवर कोक-बोरू ऐकलं आणि माझं काळीज बसलं. तीस वर्षं या माणसाची हाडं बांधतेय मी. म्हटलं, एक वेडा कमी होता म्हणून दुसरा येतोय घरात!"

मग मात्र मोल्दोबेकला हसू आवरेना. हसता हसता त्यानं टायराचा आधार घेतला. "आयुष्यभर गोल केले मी," तो डोळे पुसत म्हणाला, "पण बोकडाच्या जागी स्वारच आत टाकणारा घोडा आजच पाहिला."

सोयरीक पक्की झाली. एसेनकुल मानाच्या जागी मांडी घालून बसला, अगदी रीतीप्रमाणं. (उठवायला मात्र चार जण लागले, कारण आता पाय सरळ होईना. साइकालनं दुसऱ्या दिवसापासून उलटे व्यायाम लावले.) तोरू मोल्दोबेकबरोबर परत गेला. "त्याला तुम्ही एकदा बोकड वाटलात," मोल्दोबेक म्हणाला, "पुन्हाही वाटाल."

पण व्याह्याला दिलेलं दान तसंच परत न्यायची रीत नाही. म्हणून लग्नाच्या दिवशी, साऱ्या गोतावळ्यासमोर, बाजाच्या गजरात, त्याच दोन पुतण्यांनी घोड्याच्या जागी एक खोकं वाजतगाजत आणलं आणि एसेनकुलच्या हातात दिलं. आत विजेची किटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुलनं तिच्यात पाणी उकळलं, चहा ओतला, आणि कप नवऱ्यापुढं सरकवला.

"छान आहे किटली," ती म्हणाली. "त्या आजीबाईंसारखे बसून नाचला असतात तर तेव्हाच मिळाली असती."