खंजेरी थांबली आणि फुटाणे निघाले

"हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल. माझी गॅरंटी!" वैभवीनं रोशनला छातीठोकपणे सांगितलं.

रोशन तिचा जुना विद्यार्थी. फिजिक्सच्या तासाला मागच्या बाकावर झोपायचा. आता नागपूरच्या 'ऑरेंजग्रास' बँडमध्ये बँजो असा वाजवायचा, की तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात! ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगरी गावांचं संगीत. बँजो, मँडोलिन, फिडल, आणि सगळे एकाच माइकभोवती कोंडाळं करून उभे. पण वर्षभरात त्या कोंडाळ्यात गर्दी वाढत चालली होती. आधी ढोलकी शिरली, मग सनई, आणि आता चक्क खंजेरी! जुने रसिक नाकं मुरडायचे. वैभवी मात्र दर नव्या गाण्याला खुर्चीत उड्या मारायची.

आज खंजेरीच्या गाण्याचं थेट रेकॉर्डिंग होतं. तेही एकदाच, कारण सनईवाल्याला लगेच एका लग्नात वाजवायला पळायचं होतं!

खंजेरी आहे म्हटल्यावर भिवापूरहून वैभवीचे सासरे मारोतराव आले होते. गावच्या भजनी मंडळाचे म्होरके.

गाणं सुरू झालं. बँजो सुसाट सुटला, सनई त्याच्या मागे लागली, खंजेरीनं दोघांनाही गाठलं. वैभवीच्या अंगावर काटा आला! मारोतरावांचा गुडघाही ताल धरून होता.

मग ती जागा आली. सगळी वाद्यं एकदम थांबली. क्षणभर शांतता आणि मग पुन्हा धमाका, असा बेत होता.

मारोतराव उठले. खंजेरी थांबली म्हणजे भजन संपलं, आणि भजन संपलं म्हणजे प्रसाद! त्यांनी पिशवीतून फुटाणे-खोबरं काढून वाटायला घेतलं.

"शूऽऽ! बाबा, बसा!" वैभवीनं त्यांचा सदरा ओढला.

"काहून वं? घे गा भाऊ, मागं पाठव!"

"शूऽऽ! गाणं संपलं नाही अजून!"

"मंग वाजवून काहून नाही राहिले?"

प्रसादाला नाही कोण म्हणणार? पिशवी रांगेरांगेनं मागे सरकली. हॉलभर कुर्रुम-कुर्रुम! वैभवी तिच्या मागे धावत होती. "शूऽऽ! चावू नका! नुसतं चघळा!"

स्टेजवर पोरं बावरली. तेवढ्यात खंजेरीवाल्यानं त्या कुर्रुम-कुर्रुमचाच ठेका उचलला, बँजो त्यावर तुटून पडला, आणि हॉल उभा राहून टाळ्या पिटू लागला!

गाणं संपताच सनईवाला पळाला. वैभवी रडवेली होऊन रोशनकडे गेली. "सगळं वाया गेलं ना रे?"

रेकॉर्डिंग ऐकून रोशननं हेडफोन काढले. "मॅडम, जबरदस्त झालं! फुटाण्यांचा तर जवाब नाही. काकाजींचं नावच टाकून राहिलो गाण्याखाली!"

"म्हणजे काहीच बिघडलं नाही?"

रोशननं मान खाजवली. "एकच आवाज मधे-मधे घुसून राहिला, पंक्चर झालेल्या टायरसारखा. तेवढा काढावा लागंन."

"कोण होतं ते?" वैभवी कडाडली. "नाव सांग, मी बघते त्याच्याकडे!"

रोशन छताकडे पाहू लागला. मारोतरावांनी उरलेले फुटाणे तिच्यापुढे केले.

"खाय वं पोरी. तोंड बंद राहते."