मुख्याध्यापकांच्या कोटाची बटणं

आत्याने बाही कापता कापता कात्री खाली ठेवली आणि जाहीर केलं, "आजपासून माझ्याशी कोणी एक शब्दही बोलू नका. मला तो सापडतच नाही."

"काय सापडत नाही?" नववीतल्या भाचीने विचारलं.

"शब्द!"

आत्याचं शिवणाचं दुकान होतं आणि चाळिशी उलटल्यावर तिने शाळेतल्या संध्याकाळच्या मोठ्या माणसांच्या वर्गात नाव घातलं होतं. कारण तिची मैत्रीण. मैत्रीण लांब राहायला गेली होती आणि तीन-तीन पानी पत्रं पाठवायची. ती वाचून दाखवायचं काम आत्याच्या भावाकडे. भाऊ तिन्ही पानांवरून भर्रकन नजर फिरवायचा आणि सांगायचा, "सगळं ठीक आहे म्हणते." तीन पानं भरून कोणी नुसतं ठीक असतं का? आत्याला ती पत्रं स्वतः वाचायची होती. अगदी स्वल्पविरामासकट.

अक्षरं तिला कधीच यायला लागली होती. घोडं अडलं ते पुढे. वर्गातल्या बाई एखादं वाक्य बोलायच्या आणि विचारायच्या, "यात शब्द किती?" आत्या ठणकावून सांगायची, "एक!" वाक्य हातभर असो की वीतभर, उत्तर तेच. बोलणं तिला कापडाच्या ताग्यासारखं ऐकू यायचं, सलग, मध्ये कुठे जोडच नाही.

"इतकंच ना?" भाचीने बटणांचा डबा ओढला. तिला नुकताच वक्तृत्वात पहिला नंबर मिळाला होता, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न ती सोडवू शकत होती. "मी बोलते. एका शब्दाला एक बटण ठेवायचं. ऐक. मला भूक लागली."

आत्याने एक बटण ठेवलं.

"आत्या!"

"अगं, एकच तर भूक लागली ना तुला?"

तिसऱ्या दिवशी मात्र जादू झाली. "मला भूक लागली," म्हटल्यावर आत्याने टप, टप, टप अशी तीन बटणं मांडली आणि स्वतःच दचकली. मग काय, तिला चेवच चढला. ती दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर सराव करू लागली. गिऱ्हाईक बोलतंय आणि आत्या समोरच्या अर्धवट शिवलेल्या कपड्यावर बटणं मांडतेय.

आणि इथेच घात झाला.

दुकानात काज-बटण करणारे काका होते. कपड्यावर आत्याने जिथे बटण ठेवलं असेल तिथे ते शिवायचं आणि समोर काज करायचं, हा त्यांचा नियम. एकदा त्यांनी "हे इथेच का?" असं विचारलं होतं आणि आत्याने त्यांना अर्धा तास सुनावलं होतं. त्यानंतर काकांनी विचारणं सोडलं ते सोडलंच.

पहिला बळी पोस्टमन. तो "घाई नाही" एवढंच म्हणाला होता, म्हणून त्याच्या शर्टाला दोनच बटणं लागली, तीही गळ्याशी. खाली पोट मोकळं! नर्सबाईंनी एप्रन टाकताना सासूची सगळी कहाणी सांगितली होती. त्यांना एप्रन घालायला मदतनीस लागू लागली.

"काका, हे काय केलंत?" आत्या किंचाळली.

"ठेवलं, शिवलं," काका म्हणाले.

तेवढ्यात भाचीला आठवलं. "आत्या, मुख्याध्यापकांचा कोट!"

दोघी कोटाकडे धावल्या. परवाच मुख्याध्यापक बायकोबरोबर येऊन एका दमात म्हणाले होते, "कोट शनिवारी सकाळी दहाच्या आत तयार पाहिजे, कारण त्याच दिवशी मी तुमच्या वर्गाची परीक्षा घेणार आहे आणि ज्याला बोललेल्या वाक्यातले शब्द सुटे करता येणार नाहीत त्याचं नाव मी वर्गातून कमी करणार आहे, ओळख असो वा नसो!"

कोटावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बटणांची रांग लागली होती, जणू मुंग्यांची मिरवणूक. आणि आज शनिवार होता. आणि दहा वाजले होते. आणि मुख्याध्यापक दारात होते, मागे त्यांची बायको.

"हे... हे काय आहे?"

भाची वक्तृत्व विसरली. आत्याने पदर खोचला.

"तुमचंच बोलणं आहे, सर."

"माझं?"

"घाला ना. दाखवते."

ते रागारागाने कोट घालून एकेक बटण लावत बसले, मोजत बसले, ओठ हलवत बसले. पार गुडघ्याशी पोहोचल्यावर ताठ उभे राहिले. मग आत्याने पहिल्या बटणावर बोट ठेवलं. "कोट." दुसऱ्यावर. "शनिवारी." तिसऱ्यावर. "सकाळी." आत्या एकेक शब्द सुटा करत खाली खाली गेली, शेवटी गुडघे टेकून बसली. "असो. वा. नसो."

खाली एक बटण उरलं.

"हा!" मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. "शब्द छत्तीस, बटणं सदतीस! चुकलात! तुमचं नाव—"

आत्याचं बोट त्या बटणावरच थिजलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला नावाचं काही नव्हतं. तिला ती पत्रं दिसत होती, तिन्ही पानं.

"थांबा," मुख्याध्यापकांची बायको म्हणाली. "जाता जाता तुम्ही 'कळलं?' म्हणालात."

"मी? छे!"

"प्रत्येक वाक्यानंतर म्हणता. सव्वीस वर्षं ऐकतेय. तुम्हालाच ऐकू येत नाही, त्यांना आलं."

मुख्याध्यापकांनी वाकून ते बटण चाचपलं. मग खिशातून यादी काढून त्यांनी आत्याच्या नावापुढे खूण केली. चांगली ठसठशीत.

"पास," ते म्हणाले.

भाचीने आत्याला अशी मिठी मारली की डबा उलटला आणि बटणं दुकानभर झाली. आत्या डोळे पुसत कोटाकडे वळली. "द्या सर, जास्तीची आत्ता उसवून देते."

"खबरदार!" बायको मध्ये आली. "ही बटणं लावताना हे किती वेळ गप्प होते, पाहिलंत? चौदा मिनिटं! मी घड्याळ लावून बसले होते. यांच्या स्वेटरलाही लावाल का हो?"

मुख्याध्यापकांनी तोंड उघडलं.

काकांनी सुईत दोरा ओवला.

मुख्याध्यापकांनी तोंड मिटलं.