मुरलेलं डिझेल

पंपावर रांग होती, कारण एवढंच. हेडक्लार्कांनी लांबूनच ती पाहिली, व्हॅन परत घरी वळवली आणि जिन्याखालून दोन कॅन ओढून काढले. डिझेल महागणार अशी आवई एकदा उठली होती, तेव्हा त्यांनी ते भरून ठेवलं होतं. (डिझेल त्यानंतर कितीदा तरी महागलं, पण कॅनला हात लावायचा धीर होईना. साठवलेलं वापरून टाकायचं तर साठवायचं कशाला?)

आत बायको आइस्क्रीमचे डबे बर्फाच्या पेट्यांत भरत होती. शाळेच्या समारंभाची ऑर्डर, तिची पहिली मोठी ऑर्डर. मुख्याध्यापिकाबाईंना पसंत पडलं तर दर शनिवारी शाळेच्या कँटीनला तिचंच आइस्क्रीम जाणार होतं. त्यासाठी बिचारी आठवडाभर धड झोपली नव्हती.

"अहो, हे डिझेल एवढं काळं का दिसतंय?" पेटी घेऊन बाहेर आलेल्या बायकोनं विचारलं.

"मुरलंय," हेडक्लार्क म्हणाले. "ऑफिसातसुद्धा मुरलेल्या माणसावरच कामं चालतात."

"आणि हा वास?"

"तोही मुरलाय."

कॅनच्या तळाशी शेवाळासारखं काहीतरी बुळबुळीत होतं. हेडक्लार्कांनी कॅन हलवून तेही टाकीत ओतलं. (पानात काही टाकायचं नाही, ही लहानपणची शिस्त.)

गाडी सुरू झाली. त्यांनी बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं. पोस्टाच्या कोपऱ्यावर गाडी खोकली, दोन आचके दिले आणि भर उन्हात गप्प झाली. किल्ली कितीही फिरवली तरी नुसती कुरकुर.

हेडक्लार्कांनी मेकॅनिकला फोन लावला. तो बहुधा कुठल्यातरी गाडीखालूनच बोलत होता.

"डिझेल संपलंय का, साहेब?"

"टाकी भरलीय. जरा जुनं आहे, इतकंच."

पलीकडून एक लांब सुस्कारा आला. "मग कचरा अडकलाय. नवा फिल्टर घेऊन येतो. फिल्टर बदलला, हवा काढली, की झालं."

"हवा मी काढून ठेवतो की."

"तुम्हाला येते?"

"हवा काढायला काय यायचंय?"

"बघा बुवा. पण काढाल तर सगळी काढा. थोडी जरी राहिली, तर गाडी जागची हलणार नाही."

हेडक्लार्क पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. हवेशिवाय गाडी चालायची कशी, ही शंका त्यांच्याही मनात आली, नाही असं नाही. पण वरून आलेल्या आदेशाचा अर्थ विचारायचा नाही, याच एका गुणावर ते हेडक्लार्क झाले होते.

"हा फुसफुस आवाज कसला?" मागून बायकोनं विचारलं. ती पेट्यांवर ओली गोणपाटं धरून बसली होती.

"काम चाललंय," हेडक्लार्क म्हणाले. चारी चाकं झाल्यावर त्यांनी स्टेपनीचीही हवा काढली. सगळी म्हणजे सगळी.

मेकॅनिक आला तो गाडीभोवती एक फेरी मारून उभाच राहिला.

"साहेब, डिझेलच्या पाइपातली हवा काढायची असते."

"आणि ही?"

"ही भरायची असते. पंप मी आणलेला नाही."

तेवढ्यात व्हॅनच्या मागच्या दारातून एक गुलाबी ओघळ रस्त्यावर आला. स्ट्रॉबेरी. हेडक्लार्कांना रडूच फुटायचं बाकी राहिलं. बायकोनं खुर्च्या वाहणारा एक टेम्पो हात करून थांबवला आणि मेकॅनिकच्या मदतीनं पेट्या त्यात चढवल्या. हेडक्लार्कांनी पाय वर टाकला.

"जागा नाही," ती म्हणाली.

जागा चांगली ऐसपैस होती. टेम्पो गेला. हेडक्लार्क फुटपाथवर बसून राहिले. बायकोच्या कष्टांचं आपण पाणी केलं, नुसतं म्हणायला नव्हे, खरोखरीचं पाणी, या विचारानं त्यांना तोंड लपवायलाही जागा उरली नव्हती. येणारेजाणारे चाकांकडे बघत आणि मग त्यांच्याकडे.

संध्याकाळी बायको घरी आली. हेडक्लार्क दारातच हात जोडून उभे होते.

"वरचे डबे गेले. खालचे वाचले," ती म्हणाली. "तेवढे मुलांना कसेबसे पुरले. बाईंना चव आवडली. दर शनिवारचं ठरलं."

हेडक्लार्कांच्या जिवात जीव आला. "उशीर का झाला, ते नाही विचारलं?"

"विचारलं ना. चाकांची सगळी गोष्ट सांगितली. म्हणाल्या, दर शनिवारी मदतीला मिस्टरच असणार का? मी सांगून टाकलं, ते शनिवारी बाहेरगावी असतात. तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला."

"पण मी तर इथेच असतो."

"आता नसाल. शाळा जवळ आहे, कुणी पाहिलं तर पंचाईत. दर शनिवारी सकाळी बाहेरगावी जायचं."

हेडक्लार्कांनी मान डोलावली. "जाऊ कसा?"

"चालत जा," बायको म्हणाली. "म्हणजे पोचाल तरी."